ताईजींची स्थळं

"खाली आहात का?" फोन उचलला की ताईजींचं पहिलं वाक्य हेच. नमस्कार नाही, हॅलो नाही.

झाशीला बदली होऊन आलो, नगरा भागात ताईजींच्या घराच्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड मांडलं आणि त्याच आठवड्यात हा प्रश्न आला. मी सरळ उत्तर दिलं, "नाही, वर आहे."

"वर काय करताय?"

"काही नाही. बसलोय."

"मग खालीच आहात की, भैयाजी!"

मी चक्रावून जिन्यात जाऊन पाहून आलो. शेवटी बायकोने हसत हसत उलगडा केला, "अहो, त्या 'मोकळे आहात का' असं विचारताहेत." ताईजींच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या झाशीत गेलेल्या. घरात मराठी टिकली होती, पण हिंदीनेही त्याच घरात आपलं सामान आणून ठेवलं होतं. 'ताईजी' म्हणताना गल्लीतली हिंदी मंडळी त्यांना मोठी काकू समजत आणि आम्ही मराठी माणसं बहीण. दोन्ही बाजू खूश होत्या.

तुम्ही खाली असलात की पुढचं वाक्यही ठरलेलं. "तुमच्यासाठी एक स्थळ आलंय."

स्थळ म्हणजे पुस्तक. कुणाला पुस्तक वाचायला देणं ही त्यांच्या लेखी सोयरीकच होती. नवी पुस्तकं पार्सलने मागवायच्या, आधी स्वतः वाचायच्या आणि मग गल्लीपासून पार जवळच्या बबीना गावापर्यंत त्यांना शोभेल असं माणूस शोधायच्या. नेहमी नवीच का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "जुन्यांची लग्नं होऊन गेली. ती आपापल्या घरी सुखात आहेत. काळजी या आत्ता छापून आलेल्यांची."

पुस्तकात काय घडतं ते त्या सांगत नसत. स्वभाव सांगत. "रहस्यकथा आहे. जरा तापट आहे, पण शब्दाला जागते." किंवा, "प्रवासवर्णन. फार बोलतं, पण मनाने चांगलं आहे." बबीन्याच्या एका कापडवाल्याच्या बायकोला भुतांची कादंबरी देताना बजावलं, "नवरा घरात असेल तेव्हाच वाच. मागाहून मला बोल लावायचा नाही." माझ्या ऑफिसातल्या एका इंजिनिअरचा जन्म झाशीतला. त्याला मराठी समजायची, पण वाचताना 'ळ' आला की गाडी अडायची. त्याच्यासाठी चित्रकादंबरी निघाली. "चित्रं भरपूर, ळ कमी. नांदेल," ताईजी म्हणाल्या. ती इतकी नांदली, की तो दुसरा भाग मागायला आला.

नकाराचं त्यांना वाईट वाटत नसे. अट एकच होती. "नकार असो नाहीतर होकार, तोंडावर द्यायचा. सुनेच्या हाती पुस्तक सोपवून पळायचं नाही."

माझ्या बायकोने त्यांना कधीच नकार दिला नाही. आमच्या घरात वाचणारी तीच. विज्ञानकथा असो की लोणच्यांवरचं पुस्तक, तिला सगळी स्थळं पसंत. संध्याकाळी दोघी जिन्याच्या पायरीवर बसून त्यावर बोलत राहायच्या. मी वर भाजी चिरत ऐकायचो.

मागच्या वर्षी बायको गेली. त्यानंतरचं सांगण्यासारखं फारसं नाही. ऑफिसला जात होतो, जेवत होतो, टीव्ही लागलेला असायचा. दुःख म्हणावं, तर तेही नीट होत नव्हतं. अंगाखाली येऊन बधिर झालेला हात आपला वाटत नाही, तसा मी सगळाच मला माझा वाटत नव्हतो.

ताईजींचा फोन मात्र येत राहिला. "खाली आहात का?" मी जिना उतरायचो. त्या कधी विनोदी कथा पुढे करायच्या, कधी पक्ष्यांवरचं पुस्तक, कधी कुणा नटीचं आत्मचरित्र. मी ते वर नेऊन टेबलावर ठेवायचो आणि काही दिवसांनी न उघडताच खाली आणायचो. अट पाळायची म्हणून तोंडावर सांगायचो, "पसंत नाही."

"बरं," त्या म्हणायच्या आणि पुढच्या आठवड्यात नवं स्थळ हजर करायच्या.

एकदा मीच विचारलं, "दुःखावरचं काही देत नाही तुम्ही? लोक तसलीच देतात."

"ते तुमच्या घरात आहे की. आणखी कशाला?" मग पुस्तकाचं कव्हर पदराने पुसत म्हणाल्या, "तुमचं जमवल्याशिवाय मी काही जायची नाही, भैयाजी."

पण गेल्या. तपासणीसाठी म्हणून ग्वाल्हेरच्या हॉस्पिटलात नेलं, ते परत आल्याच नाहीत. बातमी कळली तेव्हा मी दाढी करत होतो. राहिलेली दाढी केली, मग खाली गेलो. रडणाऱ्या माणसांत उभा राहिलो. मला रडू आलं नाही.

महिना होत आला असेल. त्यांच्या नंबरावरून फोन वाजला. मी उचलला.

"अंकलजी, खाली हैं क्या?" ताईजींची सून होती, माहेरची हिंदी. "मम्मीजी का पार्सल आया है. हमें तो मराठी पढ़नी आती नहीं. कौन-सी किसको देनी है, आप बता देंगे?"

पायरीवर खोका उघडून बसलो. जाडजूड भुताटकी बबीन्याला. चित्रकादंबरीचा तिसरा भाग आमच्या इंजिनिअरला. कव्हरं पाहून जमत गेलं. एक पुस्तक उरलं. एका हलवायाची जिलेब्यांसकट कढई चोरीला जाते आणि सगळ्या गावावर संशय येतो, असं पाठीमागे लिहिलं होतं. हे कुणाचं, ते काही केल्या कळेना. ताईजी आधी वाचायच्या. हे त्यांचंही वाचायचं राहिलेलं. म्हणून मीच उघडलं. स्वभाव कळेल एवढंच वाचायचं होतं.

हवालदार एकेकाच्या तोंडाचा वास घेत जिलेबीचा तपास करतो, तिथे माझ्या नाकातून आवाज आला. हसू असावं. मी पान उलटलं. मग पुढचं.

सून चहा घेऊन आली तेव्हा खोक्यात फक्त सुतळी उरली होती, बाकीची पुस्तकं बाजूला लावलेली होती आणि ते एक माझ्या मांडीवर उघडं होतं.

"और ये वाली, अंकलजी? ये किसकी है?"

"पसंत आहे," मी म्हणालो. मराठीतच. ती काही न कळून हसली. मी तिच्या पाठीमागे, ताईजींच्या दाराकडे पाहत राहिलो. होकारही तोंडावर द्यायचा, अशी अट होती.