शेवंतीची जीप का हलत होती

मुलुंडच्या धर्मादाय दवाखान्यात शेवंती भालेराव आया म्हणून लागली, तेव्हा तिचा नवरा खंडू अजून गिरणीत होता. मग संप झाला. गिरणीचं फाटक बंद झालं ते बंदच राहिलं आणि भांडुपच्या टेकडीवरचं घर शेवंतीच्या पगारावर चालायला लागलं. खंडू रडत बसला नाही. तो भाकऱ्या थापायला शिकला, पोरींच्या वेण्या घालायला शिकला. टेकडीवरचे लोक हसले तर त्याने हसू दिलं.

चौऱ्याऐंशी साली दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या मनात आलं, की वस्त्यांमध्ये लशी घेऊन जाणाऱ्या जीपवर बाई ड्रायव्हर हवी. अडलेली बाळंतीण परक्या पुरुषाच्या गाडीत चढायला लाजते, सासू चढू देत नाही. "शिकेल कोण?" असं त्यांनी सगळ्या आयांना विचारलं. सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवंती म्हणाली, "मी शिकते." का म्हणाली, ते तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. पण शिकली मात्र जीव लावून. मोटार स्कूलच्या फियाटवर तिला पहिल्याच परीक्षेत लायसन मिळालं. त्या दिवशी खंडूने शेजारपाजारच्या दहा घरांत पेढे वाटले.

जीप कुठल्याशा परदेशी संस्थेने देणगी दिलेली होती. तोवर ती सीताराम तळवडेकर चालवायचा. सीताराम दवाखान्याचा जुना ड्रायव्हर, मालवणकडचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याला नवी मॅटाडोर व्हॅन मिळाली आणि जीप शेवंतीकडे आली. गाड्यांचा कारभार बघणाऱ्या चंद्रप्रकाश दळवींनी किल्ली देताना म्हटलं, "सांभाळून हं, शेवंतीबाई. पोळपाट-लाटणं नाही हे."

गल्लीबोळांत जीप शहाण्यासारखी चालायची. हायवेला मात्र तिच्या अंगात यायचं. वेगात असताना पुढचं चाक खड्ड्यात आदळलं, की स्टिअरिंग हातातल्या हातात डावी-उजवीकडे झटके मारायला लागायचं. आधी थोडं, मग जोरात, मग गाडीचं सगळं नाकच थडथड हलायचं. वेग अगदी कमी केला की थांबायचं. पहिल्यांदा विक्रोळीजवळ असं झालं, तेव्हा शेवंतीच्या तोंडचं पाणी पळालं. परत आल्याबरोबर ती दळवींकडे गेली.

"साहेब, गाडीत काहीतरी बिघाड आहे. स्टिअरिंग लई हलतं."

दळवी सीतारामबरोबर चहा पीत बसले होते. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "गाडी तीच आहे. इतकी वर्षं सीताराम चालवत होता, त्याची एक तक्रार नाही. तुमचे हात कच्चे आहेत. होईल सवय."

शेवंतीने सीतारामकडे बघितलं. त्याने बशीतल्या चहावर फुंकर मारली.

तिला दळवींचं खरं वाटलं. बाईमाणसाच्या मनगटात बळ ते किती, असंच तर आयुष्यभर ऐकलेलं. मग ती हात पक्के करायच्या मागे लागली. पाण्याचे हंडे दोन्ही हातांत धरून टेकडी चढायची. शेजारणीच्या मिरच्या कांडून द्यायची, गोधड्या एकटीने पिळायची. संध्याकाळी खंडू तेल कोमट करून तिचे खांदे चोळायचा. "सुजलेत गं," म्हणायचा. "कच्चे आहेत," ती म्हणायची. हायवेला ती गाडी रडतखडत हाकायची. मागून ट्रकवाले हॉर्न मारायचे, शिव्या द्यायचे. देवनारच्या वस्तीत पोचेपर्यंत लशींच्या पेटीतला बर्फ वितळायला आलेला असायचा. बरोबरची नर्स नलिनी पार्ल्याची, जिभेने तिखट. ती म्हणायची, "शेवंते, चालत आले असते तर आधी पोचले असते गं." शेवंती हसायची. पण ते तिला लागायचं.

पुढच्या उन्हाळ्यात देवनारहून जया नावाची पोरगी आणायची होती. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या, पाणी गेलेलं. मागे तिच्याजवळ नलिनी आणि जयाची सासू सोनूबाई बसल्या होत्या. सोनूबाईचा एकच घोशा, "बाई, हाण ना गाडी! पोरगी जाईल माझी." शेवंतीने गाडी हाणली. घाटकोपर ओलांडलं आणि चाक एका खड्ड्यात आदळलं. स्टिअरिंग असं फिरलं, की त्याच्या आऱ्यांत तिचा अंगठा सापडला आणि कट्कन आवाज झाला. तरी तिने ब्रेक दाबून धरला. जीप रस्ता सोडून खाली उतरली आणि पाण्याच्या मोठ्या पाइपाला टेकता टेकता थांबली. नलिनीचं कपाळ फुटलं. जया ओरडत होती ती ओरडतच राहिली. शेवंतीने मोडक्या अंगठ्याने गिअर टाकला, गाडी परत वर घेतली आणि गोगलगाईसारखी दवाखान्यात आणली. जया सुखरूप बाळंत झाली. पण सोनूबाईने ओपीडीत उभं राहून सगळ्या दुनियेला सांगितलं, "बाईच्या हातात गाडी देतात मेले! मारत होती आम्हाला."

दळवींनी त्याच दिवशी किल्ली काढून घेतली. "उद्यापासून परत वॉर्डात. मी आधीच म्हटलं होतं." शेवंती खाली मान घालून उभी राहिली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

अंगठ्याला पट्टी बांधून ती फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारी सीताराम विडी ओढत होता. त्याला बहुतेक दया आली असावी.

"अगो, रडतंस कित्याक?" तो म्हणाला. "त्या गाडयेचो डँपर कधीचोच गेलो. म्हणानच तर मी ती सोडलंय."

"काय गेलाय?"

"डँपर. स्टिअरिंगचो."

मग त्याने विडीने हवेत आकृती काढत तिला समजावलं. स्टिअरिंगच्या दांड्याला आडवी बसवलेली तेलाची नळी असते, शॉकअब्सॉर्बरसारखी. चाकाला बसलेला धक्का तिच्यात जिरतो, हातापर्यंत येत नाही. ती नळी गळून कोरडी पडली, की पैलवान बसवला तरी स्टिअरिंग हलणारच.

शेवंतीचं रडू थांबलं. "दळवीसाहेबांना माहीत होतं?"

"तेंकाच तर सांगलंय मी. पार्ट हंय मिळना नाय म्हणाले."

"आणि मला?"

"तू इचारलंस खंय?"

शेवंतीने चहाचा ग्लास फळीवर ठेवला. तो फेकून मारावा असं तिच्या मनात आलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर खंडूचे तेलाने माखलेले हात आले. मिरच्यांनी आग होणारे स्वतःचे डोळे आठवले. त्या दिवशी ती विचारायलाच तर गेली होती! हाच सीताराम समोर बसून चहावर फुंकर मारत होता. आणि आज मागे एक पोरगी कळा देत होती. पाइप जरा अलीकडे असता तर?

राग पायांतून वर चढत गेला. ती ऑफिसात गेली, खिळ्यावरची किल्ली काढली, जीप चालू केली आणि फाटकात आडवी लावली. पेशंटना चालत यायला वाट ठेवली, पण मॅटाडोर आत अडकली आणि दळवींची स्कूटरही. मग ती खाली उतरली आणि बॉनेटला पाठ लावून उभी राहिली.

दळवी धावत आले. "डोकं फिरलंय का? काढ ती गाडी!"

"नाही काढत." एरवी नळावरच्या भांडणातसुद्धा तिचा आवाज वर जायचा नाही. आज तो पार वॉर्डापर्यंत गेला. "डँपर गेलेली गाडी माझ्या गळ्यात मारली तुम्ही! आणि वर माझे हात कच्चे?"

दळवींचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "तो परदेशी पार्ट आहे. मिळत नाही. मी काय करणार?"

"सांगायचं होतं! हळू चालव, डँपर नाही, एवढं सांगायला काय पडतं? तोंड शिवलं होतं तुमचं?"

बायका गोळा झाल्या. कपाळाला पट्टी लावलेली नलिनी वॉर्डातून बाहेर आली. काय झालं ते ऐकलं आणि तिचाही भडका उडाला. "दळवी, मी रोज मागे बसत होते! मलाही सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला? आणि सीताराम, तू? लाज नाही वाटत?" सीताराम टपरीपाशीच उभा राहिला. पुढे आला नाही.

मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "शेवंती, शांत हो. मला काहीच कल्पना नव्हती गं."

"बाई, तुम्ही माझं नाव पुढे केलंत. पण वर्षभरात एकदा तरी विचारलंत का, गाडी कशी आहे?"

सगळ्यांसमोर असं बोलल्याबद्दल शेवंतीला एरवी मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आज नाही झालं. डॉक्टरीणबाई दळवींकडे वळून एवढंच म्हणाल्या, "गाडी आजच गॅरेजला गेली पाहिजे. शेवंती बरोबर जाईल."

घाटकोपरच्या कुंडलिक मिस्त्रीने जीपखाली शिरून नळी सोडवली आणि शेवंतीच्या हातात दिली. "ढकलून बघा, ताई." तिने एका हाताने ढकललं. दांडा सर्रकन आत गेला, सर्रकन बाहेर आला. वॉशर गेलेल्या सायकलच्या पंपासारखा. तसला पार्ट मिळत नव्हता हे खरं. पण कुंडलिक कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेला आणि मोडीत निघालेल्या एका परदेशी गाडीचा जवळपास तेवढाच डँपर घेऊन आला. पकडायची पट्टी थोडी कापून वेल्ड केली, तेव्हा तो बसला. हा दांडा शेवंतीने सगळा जोर लावून दाबला, तेव्हा कुठे हळूहळू आत सरकला.

"पण नुसतं हे टाकून भागणार नाही," कुंडलिक म्हणाला. "चाकाजवळच्या सांध्यांतले बुशपण झिजलेत. ते नाही बदलले तर हापण लवकर मरेल." त्याने बुश बदलले, चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. सगळं धरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी तयार.

परत येऊन शेवंतीने जुनी नळी दळवींच्या टेबलावर आपटली. "ढकला."

"काय चाललंय हे?"

"ढकला म्हणते ना."

दळवींनी दोन बोटांनी ढकलली. दांडा आत गेला. माफी त्यांनी मागितलीच नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. उलट घसा साफ करून म्हणाले, "आता गाडी ठीक झालीच आहे, तर सीताराम म्हणतो त्याला जीप परत हवी. मॅटाडोरने त्याची कंबर धरते."

शेवंती बघतच राहिली. गाडी मरायला टेकली होती तेव्हा ती बाईची, आणि धड झाली की परत सीतारामची! "त्याला म्हणावं, कंबरेला तेल लाव," ती म्हणाली आणि बाहेर पडली. दळवींनी डॉक्टरीणबाईंकडे शब्द टाकून पाहिला, पण चालला नाही. सीताराम वर्षभर तिच्याशी बोलला नाही. तिला ते बरंच वाटलं.

पुढच्या सोमवारी, अंगठ्याच्या पट्टीसकट, ती नलिनीला घेऊन देवनारला निघाली. घाटकोपरच्या अलीकडे तसाच खड्डा आला. तिने अंग आवळून घेतलं. चाक आदळलं, दणका बसला, आणि स्टिअरिंग जागच्या जागी राहिलं. एक हलका हिसका, बस्स. गाडी सरळ पुढे गेली.

नलिनी हसली. "झकास! बघ, आता खूश ना?"

शेवंतीचे डोळे भरून आले होते, पण ते आनंदाने नव्हे. एका मिस्त्रीचं दीड दिवसाचं काम. एवढ्यासाठी आपण वर्षभर आपल्याच हातांना शिव्या घातल्या.

"खूश कसली?" ती म्हणाली. "इतकं सोपं होतं, नलिनी. इतकं सोपं होतं गं."

मागून ट्रकवाल्याने हॉर्न मारला. शेवंतीने आरशात बघितलं, दात-ओठ खाल्ले आणि ॲक्सिलरेटर दाबला.