अक्काचं राहिलेलं व्याख्यान

भूकंप झाला त्या पहाटे मी नांदेडला होतो. अक्का गावी होती. घर पडलं. अक्का गेली.

अक्का, माझी थोरली बहीण, गावच्या शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी मारुतीच्या पारावर बायकांना आभाळातलं काही ना काही सांगायची. माणूस चंद्रावर उतरून आला होता, हे त्यांतल्या बऱ्याच जणींना तिच्याकडूनच कळलं. "मग आता का जात न्हाईत?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "जातील. गेले की सांगते. सगळ्याजणी या."

ते सांगणं मी माझ्याकडे घेतलं. कुणी सोपवलं नव्हतं. घेतलं आणि तीस वर्षं काही केलं नाही. दरम्यान लातुरात गल्लोगल्ली शिकवणी वर्ग निघाले आणि त्यांतल्या एकात मी फिजिक्स शिकवू लागलो. दीडशे मुलांपुढे मला बोलता येतं. चार माणसांत येत नाही.

यंदा माणसं पुन्हा चंद्राला वळसा घालून सुखरूप परतली, तेव्हा माझ्याकडे सबब उरली नाही. पुनर्वसन झालेल्या गावात गेलो. फळा नेला, तीन रंगांचे मार्कर नेले. समाजमंदिरात नऊ बायका आल्या, त्यांतल्या चौघी अक्काच्या वेळच्या. मी कक्षेची व्याख्या सांगितली आणि सवयीनं म्हणालो, "हे चौकटीत लिहून घ्या. दरवर्षी येतं."

मग अक्काची मैत्रीण, आता सत्तरी ओलांडलेली मावशी, म्हणाली, "कुठं येतं रं? आमच्या दारात?"

"सर, मी पेन्शिल न्हाई आणली," मागून दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या.

"तुझी अक्का हातात भाकर धरून सांगायची," मावशी म्हणाली. "तू तर आमची परीक्षा घ्यायलास."

मी मार्करला टोपण लावलं. भाकर नव्हती. वाटेत घेतलेली केळी होती. मावशीच्या मुठीचा चंद्र केला, केळ्याचं यान, आणि ते मुठीमागं नेलं. "इथं गेलं की चंद्र आड येतो. त्यांचा आवाज पोचत नाही. बरे आहेत की नाहीत, काही कळत नाही."

"मग घरच्यांनी काय करायचं?" एकीनं विचारलं.

नांदेडच्या टेलिफोन बूथसमोरची ती सकाळ मला आठवली. फोन लागत नव्हता. मी पुन्हा पुन्हा तोच नंबर फिरवत होतो.

"वाट बघायची," मी म्हणालो.

मावशीनं मूठ तशीच धरली होती. "आण की त्याला बाहेर," ती हळू म्हणाली. "हात दुखायलाय."

मी केळं अलीकडे आणलं.

अक्काचा फोटो माझ्याकडे नाही. तिच्या हातचं अक्षर नाही. मावशी आहे. तिनं पुढच्या महिन्यात मंगळावर बोलायला बोलावलंय. फळा आणू नको म्हणाली.