मामंजींच्या नावातलं अक्षर

बुरुलने सासऱ्यांचं नाव एकोणीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. किरगिझस्तानातल्या नारिन गावच्या जुन्या वळणाच्या घरांत सुना सासऱ्याचं नाव घेतच नाहीत. त्यात हिच्या सासऱ्यांचं नाव तोक्तोसुन, आणि किरगीझमध्ये ‘तोक्तो’ म्हणजे थांब. झाली पंचाईत! बसवाल्यालाही ‘तोक्तो’ म्हणायची सोय नाही. ‘जरा उतरू दे रे’ म्हणेस्तोवर बाई एक स्टॉप पुढे गेलेली असायची.

नशीब बघा, विद्यापीठात ती ज्या विभागात कारकून, त्याचे प्रमुखही हेच. कागदावर त्यांचं नाव आलं की तिची नजर आपसूक खालच्या ओळीवर जायची.

सोमवारी त्यांच्या नावाने तिला ईमेल आला: विभागाचं खातं बंद पडतंय, पासवर्ड विसरलोय, ताबडतोब पाठव. मामंजींचा हुकूम; तिने पाठवला. पत्त्यात तोक्तोसुनच्या जागी तोक्तोसुम होतं. कुणाच्याही ध्यानात आलं असतं, हिला सोडून. नावच वाचत नाही तिला अक्षर कसलं दिसतंय!

ईमेल धाडणाऱ्या चोराने पासवर्ड बदलून खात्याला कुलूप घातलं. आयपेरी नावाच्या मेंढपाळाच्या हुशार पोरीला परदेशी शिष्यवृत्तीचं पत्र त्याच खात्यावर आलं आणि तिथेच अडकलं. शुक्रवारी मुदत संपली, जागा दुसऱ्या कुणाला गेली.

बुरुलने तो ईमेल पुन्हा उघडला. या खेपेला नाव अक्षर न् अक्षर वाचलं: शेवटी ‘न’ नव्हे, ‘म’.

पासवर्ड ती आणि सासरे, दोघांनाच ठाऊक. सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्याच हातून काहीतरी झालं असेल, वय झालं आता. बुरुल शेजारीच चहा ओतत होती. ती पुढचा कप भरायला वळली. घरी त्यांच्यापुढे पाव ठेवताना तिला स्वतःची शिसारी यायची, तरी गप्पच.

पुढच्या सोमवारी कुलगुरूंच्या नावाने सासऱ्यांनाच तसला ईमेल आला. चष्मा लावून ते विभागाच्या नव्या खात्याचा पासवर्ड टाइप करायला लागले. बुरुलने पडद्याकडे पाहिलं; कुलगुरूंच्या नावातही एक अक्षर चुकलं होतं.

“तोक्तो!”

सासऱ्यांची बोटं कळांवरच थांबली. मग तिने रडत सगळं ओकून टाकलं: पत्र, अक्षर, इतक्या दिवसांचं मौन.

म्हाताऱ्याने चष्मा काढला. “माझं नाव घ्यायला लाजलीस, ते समजतं, सूनबाई. पण माझ्यावर आळ आला, तेव्हा ‘मी’ म्हणायलाही लाजलीस?”

तिने डोळे पुसले आणि आयपेरीला सांगायला ती वसतिगृहाकडे निघाली.