रुखवतातला फणसाचा चंबू

बोरिवलीला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी काचेच्या कपाटात एक लाकडी चंबू आहे. फणसाच्या लाकडाचा, आतून पोकळ, तोंड अरुंद आणि वजनाला इतका हलका की हातात घेणारा दचकतो. आल्यागेल्याला तो दाखवतात, आणि मी तिथे असलो तर पाठोपाठ मलाही दाखवतात. "हे कलाकार!" मग मी मान जराशी तिरकी करून हसतो. हे हसू मी अनेक वर्षं घासूनपुसून तयार केलं आहे. माझ्या हातून पूर्ण झालेली ती एकमेव कलाकृती. चंबू माझा नाही. तो बहिणीने केला.

लाकूड कातायचं लेथ वडिलांचं होतं. गिरणीच्या सुतारखात्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी ते घाटकोपरला, आमच्या चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं आणि लाटणी, स्टंप, पाळण्याचे खांब असं जे मागतील ते करत राहिले. मी हुशार, त्यामुळे शेडमध्ये माझं काम नव्हतं. बहीण अभ्यासात यथातथा, म्हणून ती त्यांच्या हाताखाली. वडील गेल्यावर लेथ मुलगा म्हणून माझ्याकडे आलं आणि पटाश्यांना धार लावायचं काम मुलगी म्हणून तिच्याकडे राहिलं. आमच्या घरातली ही वाटणी कोणालाच विचित्र वाटली नाही. मला तर मुळीच नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिचं लग्न ठरलं आणि आई रुखवताच्या मागे लागली. "सगळं वधूच्या हातचं हवं," असं ती येईल त्याला सांगे. वधूच्या हातचं म्हणजे साखरेचं तुळशीवृंदावन मावशीचं, लोकरीचं कुत्रं शेजारच्या काकूंचं आणि क्रोशाचा टेबलक्लॉथ दादरच्या दुकानातला. मी अंधेरीला एका ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला होतो. अक्षर वळणदार, त्यामुळे प्रत्येक वस्तूपुढे ठेवायची 'वधूची हस्तकला' अशी कार्डं मीच लिहिली. एकही खोडावं लागलं नाही.

बहीण म्हणाली, "एक तरी वस्तू मी खरंच करते ना. चंबू करते. आणि त्याच्यापुढचं कार्ड मोठ्या अक्षरात लिही हं, दादा."

तिला हवं होतं ते एवढंच. तिच्या हातचं काम तिच्या नावाने लोकांनी बघावं.

फणसाचा ओंडका गावाहून आमच्या मामाने एस.टी.च्या टपावर टाकून पाठवला होता. मी लगेच ग्राफपेपर काढला आणि कंपासने चंबू आखला. पोट म्हणजे अचूक वर्तुळ. तिने कागद पाहिला.

"दादा, हा चंबू आहे की मांडी घालून बसलेली बाई?"

"प्रमाणात आहे सगळं," मी म्हणालो.

"बरं. घे तुझं प्रमाण." तिने अगदी तसाच कातला आणि स्टुलावर ठेवला. खरंच बाई बसली होती. तेव्हा तिने माझा कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला आणि पुन्हा पटाशी उचलली. पोटाचा फुगवटा तिने वर, खांद्यापाशी नेला. खाली अंग निमुळतं करत आणलं. बूड लहान ठेवलं आणि त्याच्या खालचं लाकूड आत कोरून घेतलं, म्हणजे चंबू नुसत्या कडेवर टेकतो आणि खाली सावलीची बारीक फट राहते. जड ओंडक्याने जमिनीवरून किंचित पाय उचलावेत, तसं काहीतरी झालं.

पण मी गप्प बसणाऱ्यातला नव्हतो. मानेवर तीन कडी हवीतच, असा माझा हट्ट. कडी नसतील तर कारागिरी कळणार कशी? तिने कडी काढली. चंबू पाळण्याच्या खांबासारखा दिसायला लागला. ती कडी खरवडत गेली, वरचं कडं तर छाटूनच टाकलं, आणि कडी जाता जाता मान बारीक झाली, आखूडही झाली.

"मान आखूड झाली की गं."

"तुझ्या कड्यांनी खाल्ली. आता गप बस जरा."

त्या आखूड मानेमुळेच चंबू डौलदार झाला. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलो, की मान आखूड ठेवणं हा माझा विचार.

आतून पोकळ करणं हे खरं काम. तोंडातून जेमतेम दोन बोटं जातील. जुनी कानस लोहाराकडून वाकवून तिने एक आकडी करून घेतली होती. ती आत घालायची आणि न बघता कातायचं. आवाज बदलला की थांबायचं, चंबू उपडा करून भुसा झाडायचा आणि पुन्हा आत जायचं. किती खोल गेलं ते ती विणायच्या सुईला दोरा बांधून मोजायची. भिंत किती उरली ते आत एक बोट आणि बाहेर एक बोट धरून. फणसाचा भुसा पिवळाजर्द. साखरपुड्याला नवऱ्या मुलाच्या आत्याने तिची बोटं पाहिली आणि विचारलं, "हळद आधीच लावलीत का हो?" आईने आमच्या कुळाची तशी रीत आहे म्हणून सांगितलं.

लग्न मुलुंडच्या हॉलमध्ये होतं. रुखवताभोवती बायकांची गर्दी. टेबलक्लॉथचं कौतुक चाललेलं. कोपऱ्यात दुकानाची चिठ्ठी अजून टाचलेली होती, पण बघायची नाही असं ठरवलं की दिसत नाही. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे मामा आले. मोठा आवाज, सफारी सूट आणि प्रत्येक विषयातलं मत तयार. त्यांनी चंबू उचलला, दचकले, टिचकी मारून पाहिली आणि कार्ड वाचून हसत सुटले.

"वधूची हस्तकला? अहो, लेथवर मुलगी? उद्या आमच्या घरी बोटं मोजून घ्यावी लागतील!"

मुलाच्या आईचा चेहरा उतरला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगा, कोणी केलाय?"

मी म्हणालो, "मी केलाय. कार्ड चुकून इकडे आलं." आणि ते मोठ्या अक्षरातलं कार्ड उचलून खिशात घातलं.

लोकरीच्या कुत्र्यापुढचं कार्ड तसंच राहिलं. टेबलक्लॉथपुढचंही. सबंध टेबलावर एकच वस्तू खरी होती आणि खोटी ठरली तीही तेवढीच.

बहीण मुंडावळ्या बांधून चार पावलांवर उभी होती. ती जवळ आली आणि सगळ्यांसमोर अगदी गोड आवाजात म्हणाली, "दादा, तळ किती जाड ठेवलास रे आतून?"

"बेताचा," मी म्हणालो.

"बेताचाच ठेवायचा असतो," मामांनी गंभीरपणे मान डोलावली. लाकडातलंही त्यांना सगळं कळत होतं.

मामांना चंबू इतका आवडला, की जोडी हवी म्हणून ते माझ्यामागे लागले. दिवाळसणाला बहीण माहेरी आली तेव्हा स्वयंपाकघरात मी हळूच विषय काढला.

"करते की," ती चकली पाडता पाडता म्हणाली. "आधी मामांना सांग, पहिला कोणी केला ते. मग हवे तेवढे करते. रविवारी येत जाईन शेडमध्ये. तू सांगितलंस तर घरातलं कोणी अडवणार नाही मला."

"आता कसं सांगू? किती वाईट दिसेल."

"कोणाचं?"

मी फराळाचं ताट घेऊन बाहेर गेलो.

मग मी स्वतः करून बघायचं ठरवलं. वडिलांचा मुलगा, लेथ माझं, ड्रॉइंग माझं. बाहेरून बरा झाला. आत आकडी घातली, आवाज बदलला, मला तो सुधारणेचा वाटला. पुढच्या क्षणी खांद्याला भोक पडलं, चंबूचे दोन तुकडे झाले आणि एक पत्र्यावर जाऊन आदळला. अख्खी चाळ बाहेर आली. "काय फुटलं हो?" "काही नाही," मी म्हणालो. "प्रयोग चालू आहे."

त्यानंतर मामांपासून दरवेळी तोंड चुकवण्यापेक्षा मी सोपा मार्ग काढला. लेथ मालाडच्या एका फर्निचरवाल्याला विकून टाकलं, पटाश्या आणि ती आकडीसुद्धा. मामांना सांगितलं, काय करणार, जागा अडत होती, कलाकाराला मुंबईत जागा कुठे असते. ते हळहळले. मीही हळहळलो.

संक्रांतीला बहीण आली आणि हात धुऊन थेट मागे गेली. शेडमध्ये आईने पापड वाळत घातले होते. ती दारात उभी राहून बघत राहिली.

"आकडी पण दिलीस?"

"ती त्याच्यातच होती."

"बरं," ती म्हणाली आणि आत येऊन चहा टाकला. ती त्यानंतर कधी कुठल्या लेथपाशी उभी राहिलेली मी पाहिली नाही. तिचा हात जवळून पाहिलेला माणूस उरलो होतो मी एकटा, आणि मी मान तिरकी करून हसत होतो.

मागच्या महिन्यात तिच्याकडे सत्यनारायण होता. तिच्या सुनेने माहेरच्या माणसांना नेहमीप्रमाणे कपाट दाखवलं आणि मग मला. मी या वेळी हसलो नाही. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की चंबू हिने केला, मी हॉलमध्ये खोटं बोललो आणि ते उघडं पडू नये म्हणून हिचं लेथ विकलं.

सगळे माझ्याकडे वळले. मग सुनेचे वडील डोळे पुसत म्हणाले, "याला म्हणतात मोठेपणा! सगळं श्रेय बहिणीला!" कोणीतरी टाळ्या वाजवल्या. माझा भाचा म्हणाला, "मामा पहिल्यापासून असाच."

बहिणीने प्रसादाची वाटी खाली ठेवली. "असाच," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

तिच्याकडे पाहून सगळे कौतुकाने हसले. मी पुन्हा सांगायला लागलो, तर मला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. म्हणून हे लिहून छापायला देतो आहे. यात मोठेपणा शोधू नये. चंबू तिचा आहे.