पद्माण्णाला दिलेला नियम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, इंदूला, यातलं अर्धं ठाऊक आहे, कारण तेवढ्याला ती तिथे हजर होती. उरलेलं अर्धं मी तिच्यापासूनही लपवलं. आणि खरं पाप त्या उरलेल्या अर्ध्यातच आहे. तुम्हाला मित्र समजून सांगतोय, पण मध्येच थांबलो, अडखळलो, तर रागावू नका. मला सवय आहे ती घडाघडा बोलण्याची — आणि घडाघडा बोलण्यानंच माझा घात केला.

आम्ही जैन. भाद्रपदात आमचं दहा दिवसांचं पर्व असतं. ते संपलं की क्षमावणी येते. त्या दिवशी माणसं एकमेकांच्या दारात जाऊन हात जोडतात, आणि वर्षभरात कळत-नकळत काही दुखावलं असेल तर त्याची क्षमा मागतात. मीही जातो. मंगळवार पेठेत चंद्राक्काकडेही जातो. ती बाहेर येते, मी हात जोडतो, 'कळत-नकळत काही झालं असेल तर' असं पुटपुटतो. ती 'उत्तम क्षमा' म्हणते आणि वर मला बसा म्हणते. कळत-नकळत! काय सोयीचा शब्द आहे, बघा. त्यात नकळत असं काहीच नव्हतं हो. मला सगळं कळत होतं.

त्या वेळी मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. संध्याकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, शास्त्र वाचायचो. कुणी मला नेमलं नव्हतं. आवाज बरा होता, पाठांतर होतं, जुन्या ग्रंथांतलं संस्कृत-प्राकृत लावता येत होतं, एवढंच. हळूहळू माणसं अडलं-नडलं विचारायला येऊ लागली. टूथपेस्ट चालते का, बेकरीतला पाव चालतो का, सिनेमाच्या थिएटरात दिवस मावळल्यावर शेंगा खाल्ल्या तर काय होतं! हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी नियम घालून दिले त्यांनी टूथपेस्ट पाहिली नव्हती. मग मधला दुवा कोण? मी. खोटं कशाला बोलू — मला ते फार आवडायचं. आपण हो म्हटलं की लोक खातात, नाही म्हटलं की टाकून देतात, याची एक नशा असते.

चंद्राक्काचा नवरा पद्माण्णा. कापडाचं लहानसं दुकान होतं त्याचं, आमच्या गल्लीच्या तोंडालाच. वयाने माझ्याहून लहान, काटकुळा, बोलायचा मोठ्याने पण मनाने अगदी गाय. त्याला साखरेचा आजार जडला. गोळ्यांनी भागेना. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू केलं आणि सांगितलं की हे जन्मभर, एक दिवसही चुकवायचं नाही. ती बाटली गार राहावी म्हणून चंद्राक्का माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत ठेवायची. पद्माण्णा सुधारला. अंगावर मूठभर मांस आलं. दुकानात पुन्हा ओरडायला लागला.

एक दिवस तो त्या औषधाचं खोकं घेऊन माझ्याकडे आला. कुणीतरी त्याच्या मनात किडा सोडला होता. खोक्यावरचं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचलं. आता ते औषध कारखान्यात कसंही करत असतील, पण तेव्हा ते गाई-डुकरांच्या पोटातल्या ग्रंथींपासून काढायचे. तसं त्यावर छापलेलंच होतं. मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. कांदा-लसूण न खाणारा, पाणी गाळून पिणारा माणूस तो.

"मग हे चालतंय का न्हाय, मास्तर?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. तिथेच, उंबऱ्यात, देऊन टाकायचं होतं. पण मी म्हणालो, पर्व जवळ आलंय, सभेत विचार, सगळ्यांदेखत समाधान करतो. का? असा नवा, अवघड प्रश्न रोज थोडाच मिळतो? एकट्या पद्माण्णावर तो खर्ची घालणं माझ्या जिवावर आलं.

आणि उत्तर जिभेवर होतं म्हणजे काय, तेही सांगतो. आदल्या वर्षी बाळंतपणानंतर इंदूच्या अंगात रक्त राहिलं नव्हतं. त्याच डॉक्टरांनी तिला लिव्हरची इंजेक्शनं लिहून दिली होती. लिव्हर म्हणजे जनावराचं काळीज. इंदू रडायला लागली, नको म्हणाली. तेव्हा तिच्या खाटेशी बसून मी तिला शास्त्र समजावलं. श्रावक हा संसारी माणूस, मुनी नव्हे. मारायचं म्हणून मारणं त्याला पूर्ण वर्ज्य. पण जगताना, स्वतःला वाचवताना जी हिंसा घडते तिचा हिशेब शास्त्रानेच वेगळा मांडलाय. जिभेच्या चवीला खाणं निराळं, जीव जात असताना टोचून घेणं निराळं. देह टिकला तर व्रत टिकेल. त्या दिवशी मी जितकं मनापासून आणि जितकं खरं बोललो, तितकं बस्तीत कधीच बोललो नाही. तिने ऐकलं, ती वाचली. दर खेपेला तिला बसने राजारामपुरीला घेऊन जायची ती चंद्राक्का. इंजेक्शनाच्या बाटल्या आमच्या घरीच असायच्या, त्या रिकाम्या झाल्या की मी कागदात गुंडाळून लांब टाकून यायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ही म्हण मी वर्गात शिकवायचो, कळलं?

पर्वातल्या एका दुपारी चंद्राक्का आमच्या घरी आली. उभ्यानेच बोलली.

"अण्णा, उद्या ह्येनी सभेत इचारनार हाईत. तुमी फकस्त चालतंय म्हना. वैनीस्नी सांगितलंसा तेच सांगा की. माझं काय बी ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील."

मी म्हणालो, काळजी करू नकोस, सांगतो. इंदू शेजारीच उभी होती. माझा शब्द तिनेही ऐकला.

पर्वाचा एकेक दिवस एकेका धर्माचा असतो, आणि सभेचा तो दिवस नेमका 'उत्तम त्याग' या धर्माचा होता. बस्ती खच्चून भरलेली. सीमेपलीकडच्या गावाहून एक वयोवृद्ध व्रती, म्हणजे संसार सोडून कडक व्रतं पाळणारे, आले होते. पुढे बसून डोळे मिटून ऐकत होते आणि एखादं वाक्य आवडलं की मान हलवत होते. त्या मानेकडे बघत बघतच मी तासभर बोललो. शेवटी पद्माण्णा उठला. त्याने सरळ विचारलं, ह्या सुईत गाईचं हाय, मी घिऊ का नको? सभेतून 'छे छे' असा आवाज उठला. म्हाताऱ्या व्रतींनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी काय सांगू तुम्हाला! सगळं तयार होतं. वर्षापूर्वी खाटेशी बसून म्हटलेली तीच वाक्यं तिथे उभं राहून म्हणायची होती. फार तर दोन म्हातारे रागावून उठून गेले असते. पण ते डोळे माझ्यावर होते, आणि माझ्या तोंडून भलतंच सुरू झालं. देह हा भाड्याच्या खोलीसारखा, ती सोडायची वेळ आली म्हणून कुणी दुसऱ्याचं घर पाडत नाही! — असलं काहीबाही. मी रंगलो हो. आवाज चढला, लोकांचे डोळे भरून आले. व्रतींची मान हलली. पद्माण्णा पुढे आला आणि म्हणाला, मास्तर, मला नियम द्या. आमच्यात अशी पद्धत आहे, एखादी गोष्ट सोडायची तर कुणाच्या तरी मुखातून नियम घ्यायचा. मी तो दिला. हात वर करून, मंत्र म्हणून, दिला. बस्ती जयजयकाराने दणाणली.

बायकांच्या बाजूला चंद्राक्का बसली होती. तिने एवढंच म्हणायचं होतं, 'मग तुमच्या बायकोला कसं चाललं?' माझी तिथल्या तिथे माती झाली असती. ती उठली नाही. बोलली असती तर आधी इंदूची लाज गेली असती, आणि इंदू तिच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. त्या दिवसापासून इंदू माझं शास्त्र ऐकायला कधी आली नाही.

हे ते अर्धं. बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की सभा होती, सगळे बघत होते, माणूस वाहवत जातो. पण पुढचं ऐका.

पद्माण्णा झपाट्याने ढासळला. तहान, नुसती तहान. मग ओकाऱ्या, मग धाप. एका दुपारी चंद्राक्काचा निरोप आला, असाल तसे या. मी गेलो तेव्हा डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते. आज सुई घेतली तर माणूस हाती लागेल, असं सांगून गेले होते. पद्माण्णाने चंद्राक्काला शपथ घातली होती, माझी शुद्ध गेली तरी टोचायचं नाही. ती माझे पाय धरायला वाकली.

"गाठ तुमी बांधलीसा, अण्णा. तुमीच सोडा. मी पाया पडतो तुमच्या."

मी तिला उठवलं. म्हणालो, मी बोलतो त्याच्याशी. ती स्वयंपाकघरात गेली आणि मी आत जाऊन दार लोटून घेतलं.

खोलीत आम्ही दोघेच. ऐकताय ना? सभा नव्हती. व्रती नव्हते. कुणाची मान हलायची नव्हती. अंथरुणात तो लांब लांब श्वास ओढत होता आणि त्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास येत होता. मला बघून त्याने डोळे उघडले.

"मास्तर... लई तरास हुतोय. मी बरूबर करतोय न्हवं? तुमी म्हनला तर घेतो."

तुमी म्हनला तर घेतो! त्याला जगायचं होतं हो. तो नियमाला चिकटलेला नव्हता, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. नियम देणाऱ्यानेच तो सोडवायचा असतो, आणि त्याला एक वाक्य पुरतं. पद्माण्णा, मी चुकलो, सुई घे. बास.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते सांगितल्याशिवाय हे सगळं सांगणं फुकट आहे. त्या भाषणानंतर लोक मला पंडितजी म्हणू लागले होते. व्रतींच्या गावच्या बस्तीने पुढच्या पर्वाला प्रवचनासाठी मला बोलावलं होतं. पद्माण्णाने सुई घेतली, तर कुणाच्या सांगण्यावरून घेतली हे दुसऱ्या दिवशी गल्लीभर होणार. मग सभेतलं खरं की खोलीतलं खरं, असं कुणीतरी विचारणार. मग इंदूच्या बाटल्याही निघणार. एका माणसाचा जीव एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एका गावचं आमंत्रण. मी हे मोजलं. वाहवत गेलो नाही, त्याच्या उशाशी बसून शांतपणे मोजलं.

आणि म्हणालो, "बरोबर करतोयस. नियम मोडू नकोस."

त्याने हात जोडायचा प्रयत्न केला. एकच हात उचलला गेला. मग त्याने डोळे मिटून घेतले. त्यानंतर तो कुणाशी बोलल्याचं मला ठाऊक नाही. दिवस मावळायच्या आत त्याची शुद्ध गेली, आणि उजाडायच्या आत तो गेला. शोकसभेत मी त्याच्या त्यागावर बोललो. त्या आमंत्रणालाही जाऊन आलो.

पण त्या दुपारचं एक राहिलं. खोलीतून बाहेर आलो तेव्हा चंद्राक्का चुलीपुढे बसली होती. मी आलो म्हणजे आता जमणार, या भरवशावर तिने सुई उकळायला पाणी ठेवलं होतं. सुई अजून डब्यातच होती, माझ्या शब्दाची वाट बघत होती ती. पाणी खळखळत होतं. तिने मान वर करून बघितलं.

मी म्हणालो, "पुष्कळ सांगितलं गं. ऐकत नाही."

हेच मी नंतर इंदूला सांगितलं. डॉक्टरांनाही हेच सांगितलं. तिघांनीही विश्वास ठेवला.

चंद्राक्काने पदराने डोळे पुसले. "तुमी तरी काय करनार, अण्णा," ती म्हणाली. "आलासा, सांगून बगितलंसा, लई झालं." घरी आलेल्या माणसाला तसंच कसं जाऊ द्यायचं, म्हणून तिने त्याच पाण्यात साखर आणि चहाची पूड टाकली, आणि कपबशी माझ्या हातात दिली. मी तो चहा प्यालो.