हॅलोबाईंचा मोठा टीव्ही

इमारतीत तिला सगळे हॅलोबाई म्हणत. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडण्यात गेली होती. दाराची बेल वाजली तरी तिच्या तोंडून आधी ‘हॅलो’च निघायचं. लग्न केलं नाही. भाऊ-भावजय लवकर गेले, त्यांच्या मुलाला तिनंच वाढवलं. तो परदेशी निघाला तेव्हा विमानतळावर रडायचं नाही असं ठरवून गेली होती, आणि ते तिनं निभावलं. घरी आल्यावरचं कुणी बघितलं नाही.

जुना टीव्ही एका दुपारी फुस्स करून बंद पडला. भाच्यानं फोनवरच फर्मान काढलं. “आत्या, ते डबडं आता दुरुस्त करत बसू नकोस. दुकानातला सगळ्यात चांगला घे. किमतीकडे बघायचं नाही, ते माझ्याकडे लागलं.”

“अरे, एकट्या जिवाला काय करायचाय एवढा?”

“त्यावर व्हिडिओ कॉल होतो. बघू तरी एकमेकांना नीट.”

एवढ्यावर ती विरघळली.

दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांत तेच मासे पोहत होते. विक्रेती मुलगी लगबगीनं पुढे आली. “काकू, घरात बघणारे किती जण?”

उत्तर सोपं होतं. पण तोंडून निघून गेलं, “असतो आम्ही चार-पाच जण.”

“मग मोठाच घ्या. आणि कडेला बसणाऱ्यालाही नीट दिसायला हवं, नाही का?” मुलीनं तिला हाताला धरून तिरकं उभं केलं. खरंच, एका टीव्हीतले मासे बाजूनं पांढुरके पडत होते, शेजारच्यातले तसेच लालभडक. हॅलोबाईला मजा वाटू लागली.

“मासे राहू देत. बोलणारं माणूस दाखव,” ती म्हणाली.

मुलीनं बातम्या लावल्या. एकात निवेदिकेचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसत होता. दुसऱ्यात दाट मेकअपखालचा थकवासुद्धा लपत नव्हता. “हा दे.”

“नातवंडं खूश होतील बघा!”

“नाचतील,” ती म्हणाली. रिक्षात बसल्यावर त्या ‘नाचतील’ची तिला इतकी लाज वाटली की रिक्षावाल्याला पत्ता दोनदा विचारावा लागला.

टीव्ही बसवायला फिटर आला. “सोफा कुठे येणार समोर?”

“ही खुर्चीच आहे.”

त्यानं खुर्चीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. “बसा बरं जरा,” म्हणाला, आणि तिची नजर जिथे पोचली तिथे भिंतीवर खूण केली. वर कॅमेरा बसवून, रिमोट समजावून तो गेला. चहादेखील घेतला नाही. त्याला पुढे जायचं होतं.

रविवारी भाच्याचा फोन आला आणि त्याचा चेहरा समोर उभा राहिला, हात लावावा इतका जवळ. परदेशी गेल्यापासून तिनं त्याला फक्त ऐकलं होतं. गेले काही महिने त्याचा आवाज जरा बसल्यासारखा वाटायचा. लाइन खराब असेल, असं तिनं स्वतःला पटवलं होतं. आता लाइनीला दोष देता येईना. कानशिलं पांढरी झाली होती. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. मागच्या भिंतीवर एक फिका चौकोन होता, तिथून कुठलंसं मोठं चित्र उतरवलेलं. टेबलावर एकच ताट.

“सूनबाई कुठे रे?”

“बाहेर गेलीय. येईल इतक्यात.”

हा सूर तिच्या ओळखीचा होता. दुकानातल्या त्या मुलीशी ती याच सुरात बोलली होती.

“जेवतोयस ना? जेव मग. मी बसते.”

तो जेवला. ती बसली. मग तो दर रविवारी जेवायच्या वेळेला फोन करू लागला, पुढे मधल्या वारीही. ती समोर कपड्यांच्या घड्या घालायची, भाजी निवडायची. सूनबाई रोज इतक्यात येणार असायची. हॅलोबाईनं एकदाही खोदून विचारलं नाही. दुसऱ्याच्या लाइनवर कान द्यायचा नाही, ही सवय जुनी होती. कॉल संपला की पडदा काळा व्हायचा आणि त्यात तिची स्वतःची खोली दिसायची, म्हणून ती घाईघाईनं कुठलंही चॅनेल लावायची.

एका संध्याकाळी त्यानं घास तसाच ताटात ठेवला. “आत्या, ती मला सोडून गेली. वर्ष होईल आता. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ.”

पुढे तो बोलत राहिला, खाली मान घालून. त्याचे ओठ, हनुवटीची थरथर, पापणीवर अडकलेलं पाणी, सगळं लख्ख दिसत होतं. त्याच्या पाठीवरून हात फिरवायला हवा होता. तिच्या हातात रिमोट होता. तो फारच हळू बोलत होता, म्हणून तिनं आवाज वाढवला.