हद्दीचा दगड

"आपली हद कोठे शे, ते आधी देखू."

अपघात असो, मारामारी असो की विहिरीत पडलेली म्हैस असो, नाना जीपमधून उतरले की पहिलं वाक्य हेच. मग खिशातून कापडी टेप निघायचा आणि त्याचं एक टोक माझ्या हातात यायचं.

धुळ्याच्या देवपुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. पंचनाम्याचे फोटो काढायला पोलीस मला नेत, तेव्हापासूनची नानांची ओळख. धुळे-जळगाव रस्त्यावर, जिल्हा संपतो तिथल्या चौकीत ते जमादार होते. जिल्हा संपल्याची खूण म्हणजे रस्त्याकडेचा एक पांढरा दगड.

नानांसारखा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. चौकीतल्या टेबलावर त्यांनी खडूने रेघ मारली होती. सोबतच्या शिपायाचा चहाचा पेला रेघेच्या अलीकडे आला, की ते एका बोटाने तो पलीकडे सरकवत. घरी शेजाऱ्याच्या शेवग्याची फांदी त्यांच्या अंगणात लोंबायची. वहिनी आकडी घेऊन निघाल्या की नाना म्हणत, "शेंगा आपल्या हद्दीत शेतस, झाड नही." वहिनी कपाळाला हात लावत आणि बाजारातून शेंगा आणत. कोणी वैतागून "हद झाली बुवा" म्हटलं, की यांचं ठरलेलं उत्तर, "हद होत नही भाऊ. हद शे."

आम्ही हसायचो. पण नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतलं प्रेत उचललं होतं आणि त्यापायी सहा महिने निलंबित होऊन घरी बसले होते. टेप तेव्हापासून खिशात आला.

चार-पाच वर्षांपूर्वी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, मी चौकीत बसलो असताना फोन आला. दगडाजवळ मोटारसायकलवाल्याला ट्रकने उडवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. तिशीतला असेल, पाय मांडीपासून गेलेला. नानांनी टेप काढला, टोक माझ्या हातात दिलं. माणूस दगडाच्या पलीकडे अकरा फुटांवर होता.

"पलीकडली हद," नाना म्हणाले आणि त्यांनी पलीकडच्या ठाण्याला फोन लावला.

जीप तिथेच होती. धुळ्याचं सरकारी हॉस्पिटल अर्ध्या तासावर. मीही म्हणालो नाही, की नाना, टाका याला जीपमध्ये. हातात टेपचं टोक धरून उभा राहिलो. पलीकडची गाडी यायला पाऊण तास लागला. तोवर नाना त्याच्या डोक्यावर सावली धरून बसले होते, पाणी पाजत होते. "माय वाट पाहत असेल," एवढं तो दोनदा म्हणाला. गाडी आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोनेक महिन्यांनी त्याचा भाऊ विम्यासाठी फोटोच्या प्रती मागायला आला. त्या शोधताना त्याच जागेचा जुना फोटो हाती लागला, उलटलेल्या ट्रकचा. त्यात दगड शेतातल्या पंपाच्या खोलीसमोर होता. नव्या फोटोत खोली तिथेच होती, दगड मात्र बराच अलीकडे. मधल्या काळात रस्ता रुंद झाला होता. कंत्राटदाराच्या माणसांनी दगड उपटला आणि सोयीने कुठेही रोवला. तो माणूस पडला होता ती जागा आमच्याच हद्दीतली होती.

मी तो फोटो नानांना दाखवला. दाखवायला नको होता, असं आजही वाटतं. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग टेप काढून माझ्या काउंटरवर ठेवला आणि गेले.

निवृत्त झाल्यावर एकदा म्हणाले, "चाल मनासंगे. त्याना घरले जाऊ. सांगी टाकसू." रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यातलं गाव. अंगणाच्या फाटकाशी नाना थांबले. म्हातारी बाहेर आली. भाऊ म्हणाला, "माय, दादाजवळ बसले होते ते पोलीस हेच."

"आत या ना भाऊ."

"मी आठेच फाटकाजवळ बरा शे, अक्का."

ती तांब्या घेऊन फाटकापर्यंत आली. म्हणाली, "माह्या पोराच्या तोंडात पाणी घातलं तुम्ही. नाहीतर तहानलेलाच गेला असता." नानांनी तांब्या घेतला. पिताना निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. सांगायचं ते तसंच राहिलं. परतताना बसमध्ये ते सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत होते. दगड आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

गेल्या वर्षी नाना गेले. मी त्या मोटारसायकलवाल्याच्या भावाला फोन करून कळवलं. मग फोन म्हातारीने घेतला. "देवमाणूस होता," ती म्हणाली आणि रडू लागली.

मी "हो" म्हणालो. टेप माझ्या खणात आहे.